वस्तू, तिचं नाव आणि आप्तवाक्य : जनरल मोटर्सच्या घसरणीकडे पाहताना



मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाला, “सर, हे शब्दप्रमाण वेद-उपनिषदांच्या काळात ठीक होतं. आज कोण नुसत्या शब्दावर विसंबतो? आता प्रत्येक जण तपासून घेतो.” आम्ही विचारलं, “तुमच्याकडे गाडी आहे?” म्हणाला, “आहे.” “घेताना इंजिन उघडून पाहिलं होतंत?” तो हसला. आजचा विषय त्या हसण्यातून निघालेला आहे.

गाडी घेताना आपल्याकडे कोणती प्रमाणं असतात ते पाहू. प्रत्यक्ष असतं, पण किती? रंग दिसतो, दार लावल्याचा आवाज ऐकू येतो, दहा मिनिटं चालवून पाहता येतं. आतली स्प्रिंग पाच वर्षांनी कशी वागेल हे काही इंद्रियांना कळत नाही. अनुमान असतं : शेजाऱ्याची गाडी चांगली चालली, म्हणून हीही चालेल. बाकी सगळा भार शब्दावर. कंपनी म्हणते की ही गाडी अशी-अशी आहे, आणि आपण आयुष्याची बचत त्या वाक्यावर ठेवतो.

आता शब्द प्रमाण केव्हा होतो? बोलणारा आप्त असेल तेव्हा. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताची जी लक्षणं सांगितली, ती आपण मागच्या वेळी पाहिली. त्याला विषयाचं साक्षात ज्ञान हवं, आणि जसं जाणलं तसंच सांगण्याची इच्छा हवी. भाष्यकार पुढे म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. तेव्हा अमेरिकेतल्या मोटार कंपनीला ते लावायला आम्हाला काही अडचण दिसत नाही.

कंपनी म्हणजे जनरल मोटर्स. १९०८ साली मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावी स्थापन झाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांपैकी जवळपास एक तिची असे. १ जून २००९ रोजी तिने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा हा वाटा एक पंचमांशाच्या आसपास उतरला होता. असं का झालं याची व्यवस्थापनशास्त्रात दोन ठरीव उत्तरं असतात. एक म्हणतं, गाड्या वाईट होत्या. दुसरं म्हणतं, गाड्या नंतर सुधारल्या, पण लोकांपर्यंत ते पोचवता आलं नाही. म्हणजे एक दोष गुणवत्तेचा आणि दुसरा मार्केटिंगचा. आमचं म्हणणं असं की हे दोन दोष मुळात एकच आहेत. ज्याला माहीत होतं त्याला बोलता येत नव्हतं, आणि जो बोलत होता त्याला माहीत नव्हतं किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. आप्ताची दोन लक्षणं दोन वेगळ्या माणसांत वाटली गेली, की आप्त कुणीच उरत नाही.

शिडी

सुरुवात चांगली होती, तीही सांगायला हवी. १९२० च्या दशकात आल्फ्रेड स्लोन या कंपनीचे अध्यक्ष झाले. प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक गरजेला साजेल अशी गाडी, हे त्यांचं धोरण. त्यातून एक शिडी तयार झाली. खालच्या पायरीवर शेव्हरोले, मग पाँटियाक, ऑल्ड्समोबिल, ब्यूक आणि सर्वांत वर कॅडिलॅक. नोकरीला लागल्यावर शेव्हरोले घ्यायची, बढती मिळाली की ऑल्ड्समोबिल. त्या नावांना अर्थ होता. ऑल्ड्समोबिल म्हणजे अभियांत्रिकीत पुढे असलेली गाडी, कारण १९४० सालच्या गाड्यांत आपोआप गिअर बदलणारी ‘हायड्रामॅटिक’ यंत्रणा तिने प्रथम आणली आणि १९४९ मध्ये ‘रॉकेट’ नावाचं जोरदार व्ही-८ इंजिन. गिऱ्हाईक जास्त पैसे मोजत होतं ते नावाच्या पाठीमागे वेगळी वस्तू आहे म्हणून.

नाव तेच, आत वस्तू दुसरी

आता १९७७ सालात येऊ. शिकागोच्या बाजूला एका माणसाने नवी ऑल्ड्समोबिल घेतली. गाडी कामाला नेली, तर ऑल्ड्समोबिलचे सुटे भाग तिला बसेनात. पाहतात तो आत इंजिन शेव्हरोलेचं! ऑल्ड्समोबिलची मागणी वाढली होती, तिच्या इंजिनांचा तुटवडा पडला होता, म्हणून कंपनीने साधारण त्याच मापाचं शेव्हरोलेचं इंजिन बसवून गाड्या विकल्या आणि गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्यांनी दावा लावला. प्रकरण देशभर गाजलं आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली.

कंपनीचा युक्तिवाद तर्काच्या दृष्टीने फार मजेदार आहे. ती म्हणाली, दोन्ही इंजिनं जनरल मोटर्सचीच, ताकदही सारखी, मग नुकसान काय झालं? इंजिनापुरतं बोलायचं तर यात तथ्य होतं. शेव्हरोलेचं इंजिन काही टाकाऊ नव्हतं. पण मग पन्नास वर्षं तुम्ही जी शिडी विकलीत तिचं काय? दोन्ही इंजिनं सारखीच असतील, तर वरच्या पायरीचे जादा पैसे कशाचे घेतले? आपल्या बचावासाठी केलेल्या एका वाक्याने कंपनीने आपलीच सगळी जुनी वाक्यं खोटी ठरवली. यावर पुढे उपाय काय केला? आमच्या गाड्यांत आमच्या वेगवेगळ्या विभागांची इंजिनं असू शकतात, अशी तळटीप जाहिरातींत आली. वस्तू नावाजोगी करण्यापेक्षा नावालाच सौम्य करून घेतलं.

लगोलग दुसरी गोष्ट घडली. १९७८ पासून ऑल्ड्समोबिलने ५.७ लिटरचं डिझेल इंजिन दिलं. तेलटंचाईचे दिवस होते, लोकांनी हौसेने घेतलं. डिझेल इंजिनात सिलिंडरच्या आत दाब पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त असतो. पण जुनीच यंत्रसामग्री वापरता यावी म्हणून सिलिंडर हेड आवळून धरणाऱ्या बोल्टांची मांडणी पेट्रोल इंजिनाचीच ठेवली. बोल्ट ताणले जात, तुटत, गॅस्केट जाई. इंधनातलं पाणी वेगळं करणारी साधी सोयही दिलेली नव्हती. १९८५ मध्ये हे इंजिन बंद झालं, पण तोवर अमेरिकन माणसाच्या मनात फक्त ऑल्ड्समोबिलच नव्हे, ‘डिझेलची मोटार’ ही कल्पनाच बदनाम झाली होती.

नावं अनेक, वस्तू एक

१९८० च्या दशकात उलटा प्रकार झाला. खर्च वाचवण्यासाठी एकाच सांगाड्यावर चार-पाच विभागांच्या गाड्या बनू लागल्या. खर्च वाचवणं गैर नाही; सगळ्या कंपन्या सांगाडा वाटून घेतात. पण इथे फरक फक्त पुढच्या जाळीत आणि दिव्यांत उरला. १९८३ च्या ऑगस्टमध्ये ‘फॉर्च्यून’ नियतकालिकाने जनरल मोटर्सच्या चार विभागांच्या चार गाड्या एकाच रंगात शेजारी-शेजारी उभ्या करून मुखपृष्ठावर छापल्या. ओळखू येत नव्हत्या. कॅडिलॅकने तर ‘सिमरॉन’ नावाची गाडी काढली, ती मुळात शेव्हरोले कॅव्हॅलियर. चामड्याच्या गाद्या घातल्या आणि किंमत कितीतरी वाढवली. १९८८ मध्ये ती बंद करावी लागली, पण शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीला तडा गेला तो गेलाच.

फ्रीमाँटचा दोर

या सगळ्या काळात जिथे वस्तू बनते, त्या कारखान्यात काय चाललं होतं? कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथे गैरहजेरी वीस टक्क्यांवर जायची. नियम एकच, लाइन थांबवायची नाही. एखादा भाग चुकीचा बसला, बोल्ट राहिला, तरी गाडी पुढे सरकायची. शेवटी आवारात उभी राहायची आणि तिथे दुसरे लोक ती उघडून दुरुस्त करायचे. चूक ज्याच्या डोळ्यांसमोर झाली त्याला ती बोलून दाखवण्याची सोय नव्हती. १९८२ मध्ये हा कारखाना बंद पडला.

१९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारी करून तो पुन्हा उघडला. नाव ‘नमी’. इमारत तीच, संघटना तीच, कामगारही बहुतांश तेच. ज्यांना कंपनी वाया गेलेले कामगार म्हणत असे तेच. त्यांना तुकड्या-तुकड्यांनी जपानला टोयोटाच्या कारखान्यात शिकायला पाठवलं. तिथे तेव्हा लाइनच्या वर एक दोर असे. कामगाराला काही चुकलेलं दिसलं की त्याने दोर ओढायचा. दिवा लागे, गटप्रमुख धावत येई, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबे. फ्रीमाँटमध्ये तो दोर आला. थोड्याच काळात गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर उतरली आणि गाड्या टोयोटाच्या तोडीच्या निघू लागल्या.

आमच्या मते त्या दोराचं महत्त्व तांत्रिक कमी आणि ज्ञानशास्त्रीय जास्त आहे. ज्याला साक्षात ज्ञान आहे त्याला बोलण्याचा अधिकार देण्याची ती युक्ती होती. आणि बोलल्याबद्दल शिक्षा न होता कुणी तरी धावून येतं, हे दोरापेक्षाही मोठं. जनरल मोटर्सने हा धडा आपल्या इतर कारखान्यांत न्यायचा प्रयत्न केला. लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइस कारखान्यात तर तो मुळीच रुजला नाही. १९९२ मध्ये तो बंद झाला. दोर टांगता येतो, धावून येणारा गटप्रमुख टांगता येत नाही.

आता फ्रीमाँटचा दुसरा अर्धा भाग ऐका. तर्कशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण आम्ही वर्षानुवर्षं दिलं. त्याच कारखान्यात, त्याच हातांनी दोन गाड्या बनत : टोयोटाची ‘कोरोला’ आणि जनरल मोटर्सची ‘प्रिझम’. बाहेरचा पत्रा थोडा वेगळा, आतली वस्तू जवळजवळ एकच. पण कोरोला धडाक्याने खपायची, प्रिझमला सवलती द्याव्या लागायच्या. जुन्या बाजारात कोरोलाची किंमत टिकायची, प्रिझमची पडायची. म्हणजे आता वस्तू चांगली होती आणि नाव आड येत होतं.

विद्यार्थी लगेच म्हणायचे, गिऱ्हाईक मूर्ख आहे, वस्तूऐवजी बिल्ला पाहतं. आम्ही म्हणायचो, जरा थांबा. गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही. त्याच्याकडे अनुमान आहे. ‘जिथे-जिथे हे नाव, तिथे-तिथे त्रास’ ही व्याप्ती त्याने डिझेलच्या बोल्टांवरून, सिमरॉनवरून, मेहुण्याच्या अनुभवावरून बांधलेली आहे. प्रिझम हा अपवाद आहे हे त्याला कळावं कसं? कंपनीच्या शब्दावरून? तोच तर शब्द बुडालेला आहे. खोटं बोलणाऱ्याचं हे खरं नुकसान असतं. पुढे तो खरं बोलला तरी त्याला उपयोग होत नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा मोठा वाटा होता. त्यांचा मुद्दा असा की विकणाऱ्याला वस्तूचं ज्ञान आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सरासरीने सावध भाव देतो, मग चांगली वस्तू असलेल्याला विकणं परवडत नाही आणि बाजारात रद्दीच उरते. विश्वास ही बाजाराची शोभा आहे असं आपण समजतो. तो बाजाराचा पाया आहे.

नाव लपवणं

१९८८ मध्ये ऑल्ड्समोबिलने मोठी जाहिरात-मोहीम काढली. ही काही तुमच्या वडिलांची ऑल्ड्समोबिल नव्हे, असा तिचा आशय. तरुण गिऱ्हाईक हवं होतं. घोषवाक्य लोकांच्या तोंडी बसलं, पण गाड्या खपल्या नाहीत. वडिलांची ऑल्ड्समोबिल घेणारे जे निष्ठावंत होते त्यांना कळलं की कंपनीला आपली लाज वाटते. आणि मुलांनी दालनात जाऊन पाहिलं तर गाडी बरीचशी वडिलांचीच होती. १९९५ च्या ‘ऑरोरा’ या गाडीवर तर बाहेरून ऑल्ड्समोबिल हे नाव लावायचंच टाळलं. गाडी चांगली होती, आणि म्हणूनच तिच्यावरून कुळाचं नाव काढलं! १९८० च्या दशकाच्या मध्याला वर्षाला दहा लाखांहून जास्त गाड्या विकणारा हा विभाग २००० साली तीन लाखांच्या खाली आला. २९ एप्रिल २००४ रोजी लॅन्सिंग येथे शेवटची ऑल्ड्समोबिल बाहेर पडली.

एक क्रमांक

इथवर पैशांचं नुकसान झालं. आता जे सांगायचं आहे त्यात माणसं गेलेली आहेत.

२००० नंतरच्या दशकात जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा छोट्या गाड्यांत जो इग्निशन स्विच होता, त्याची पकड कंपनीच्याच ठरलेल्या मापापेक्षा ढिली होती. किल्लीला जुडग्याचं वजन असलं किंवा गुडघा लागला, की चालत्या गाडीत किल्ली मागे फिरायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडायची नाही. कंपनीतल्या लोकांना तक्रारी ठाऊक होत्या. २००५ मध्ये दुरुस्तीचा प्रस्ताव खर्चाच्या हिशेबात बसेना म्हणून बाजूला पडला.

२००६ मध्ये स्विच सुधारला गेला, पण सुधारलेल्या स्विचला जुनाच भाग-क्रमांक ठेवला. पूर्वी नाव एक आणि इंजिन दुसरं. आता क्रमांक एक आणि स्विच दोन. परिणाम काय? नंतर चौकशी करणारे अभियंते गोंधळात पडले. अमुक सालापर्यंतच्या गाड्यांत एअरबॅग दगा देते, पुढच्यांत देत नाही, आणि कागदावर स्विच तर एकच! शेवटी जॉर्जियातल्या एका मृत तरुणीच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने जुना आणि नवा असे दोन स्विच उघडून शेजारी ठेवले. आतली खिळी नव्यात जास्त लांब होती. एवढंच. हे घडलं २०१३ मध्ये. २०१४ च्या फेब्रुवारीपासून कंपनीने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

याच चौकशीत आणखी एक कागद उजेडात आला. २००८ मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात ६९ शब्दांची आणि शब्दप्रयोगांची यादी दिली होती, जे अहवालात लिहायचे नाहीत. त्यात ‘दोष’ होता, ‘धोकादायक’ होता. दोष आहे असं न लिहिता, वस्तू आराखड्याप्रमाणे काम करत नाही असं लिहा, अशी सूचना होती. हेतू न्यायालयीन असेल. उद्या कागद कोर्टात वाचला जाईल याची भीती. पण माणसाला ‘दोष’ हा शब्द लिहायची बंदी केली, की हळूहळू त्याला दोष दिसणंही कमी होतं. एका बाजूला दोर ओढायला शिकवणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला शब्द गिळायला शिकवणारी कचेरी, आणि दोन्ही एकाच कंपनीच्या. कंपनीने नेमलेल्या वकिलांच्या अहवालात तिथली एक रीत नोंदवली आहे : बैठकीत सगळ्यांनी होकारार्थी मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कुणीच काही करायचं नाही.

आपल्या अंगणात

जनरल मोटर्सचं आणि आपलं नातं जुनं आहे. १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला तिने गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. पुढच्या काळातली एक गोष्ट मात्र आजच्या विषयात बसते. २०१३ च्या जुलैत कंपनीच्या भारतीय शाखेने १ लाख १४ हजार ‘टवेरा’ गाड्या परत बोलावल्या. धुराच्या तपासणीला ज्या गाड्या पाठवल्या जात, त्यांत कमी धूर सोडणारी निवडक इंजिनं घातली जात असल्याचं पुढे आलं. नमुना म्हणून दाखवलेली वस्तू आणि विकलेली वस्तू वेगळी, म्हणजे अनुमानाचा हेतूच दूषित. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि २०२० च्या अखेरीस पुण्याजवळच्या तळेगावचा कारखानाही थांबला.

दुसरी बाजू

एवढं ऐकून कुणी म्हणेल की केवळ खोट्या शब्दाने ही कंपनी बुडाली. असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. निवृत्तांची पेन्शन आणि आजारपणाचा खर्च यांचं प्रचंड ओझं होतं, २००८ मध्ये पेट्रोल भडकलं, मग वित्तसंकट आलं. सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर घालून तिला उभं केलं, कारण तिच्यावर लाखो घरं अवलंबून होती. आम्ही एवढंच म्हणतो की वाईट दिवस टोयोटावर आणि होंडावरही आले. पण वाईट दिवसांत गिऱ्हाईक कुणाच्या शब्दावर थांबतं, हे आधीच्या तीस वर्षांत ठरलेलं असतं.

प्रश्नोत्तरांतून

*श्रोता : मग जाहिरात करूच नये का?*

का करू नये? प्रिझमसारखी चांगली वस्तू असेल तर ती सांगायलाच हवी. आमचं म्हणणं एवढंच, की जाहिरात लिहिणाऱ्याने आधी लाइनवरच्या माणसाशी तासभर बोलावं, आणि त्या माणसाला खरं सांगायची भीती वाटू नये.

*श्रोता : २०१४ नंतर काही बदललं का?*

कर्मचाऱ्यांनी सुरक्षिततेविषयीची शंका थेट कळवावी म्हणून कंपनीने त्याच वर्षी एक योजना सुरू केली. ‘बोला’ असं तिच्या नावातच आहे. योजना चांगली, पण तिची परीक्षा कागदावर होत नाही. पहिल्या बोलणाऱ्याचं पुढे काय झालं, ते बाकीचे बघत असतात.

*श्रोता : हे फक्त कंपन्यांनाच लागू आहे?*

नाही हो. आम्ही चाळीस वर्षं शिकवलं. विभागाच्या अहवालात ‘विद्यार्थ्यांना हा विषय समजत नाही’ असं वाक्य आम्हीही कितीदा तरी टाळलं आहे. ‘निकाल समाधानकारक’ असं लिहून मोकळे झालो. तेव्हा दोर आमच्याही हाताशी होता.

वेळ झाली. पुढच्या व्याख्यानात उपमान प्रमाण घेऊ.